बोर्डापाशी कोण?

दादा, आज दुपारी मतदान आहे आणि कंपनीच्या बसमध्ये तुमची खिडकीजवळची जागा रिकामी आहे. कोणी बसत नाही. काल एक नवा माणूस नकळत बसायला गेला, तर आपल्या टीमच्या हाफिझने त्याला नुसत्या डोळ्यांनी उठवलं. मी शेजारी बसून फोनवर हे लिहितेय. घराजवळचं बुकित पंजांग सोडल्यापासून प्लांटच्या बेटाचा, जुरोंग आयलंडचा, चेकपॉइंट येईपर्यंतचा हा वेळ आपला भांडायचा होता, आणि तो गप्प बसून घालवायचा म्हणजे मला राग येतो.

राग तुमचाच येतो, तेही सांगून टाकते. अजून दिवस चालू आहेत, वहिनींच्या घरी दिवा तेवतोय, आणि मी इथे दात-ओठ खातेय. पण आपला वाद अर्धा टाकून तुम्ही निघून गेलात. एलआरटी रेल्वेच्या स्टेशनवर, सकाळी, हातात डबा घेऊन. "छातीत जरा दुखतंय," एवढं शेजारच्या बाईंना म्हणालात म्हणे, आणि बाकावर बसलात. मी तेव्हा खाली बसमध्ये होते आणि ड्रायव्हरला सांगत होते, दोन मिनिटं थांबा, दादा येतीलच.

मतदान तुमच्या जागेसाठी आहे. मॅनेजरच्या नव्हे, ती जागा कंपनी भरेल. दुसऱ्या जागेसाठी. प्लांटमध्ये आग लागली किंवा वायू गळला, तर बाहेरची मदत येईपर्यंत आधी धावायचं ते आपल्याच माणसांनी. कोणी लॅबमधला, कोणी मेंटेनन्सचा, मी प्रोसेस इंजिनिअर. सगळे आपणहून नाव दिलेले. शनिवारी जड सूट घालून पाण्याचे पाइप ओढायचे, आणि सोमवारी पुन्हा लॅपटॉप उघडून मीटिंगला बसायचं. या हौशी पलटणीचे प्रमुख तुम्ही. आणि प्रमुख वरून नेमायचा नाही, टीमने निवडायचा, हा हट्टही तुमचाच. वरच्यांना तो कधी आवडला नाही. तुम्ही त्यांना गोड बोलून गुंडाळलंत आणि हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या टाकायची पद्धत सुरू करून मोकळे झालात.

हे खूळ तुम्ही आणलंत अमेरिकेच्या यादवी युद्धातून. ट्रेनिंगला म्हणून तिकडे गेलात, सुट्टीच्या दिवशी तिथल्या कोणीतरी तुम्हाला एक जुनं रणांगण दाखवायला नेलं, आणि परत आलात ते एका नव्या वेडासकट. तिथल्या मोठमोठ्या सेनापतींचं तुम्हाला काही नव्हतं. तुमचा जीव अडकला होता स्वयंसेवक पलटणींच्या अधिकाऱ्यांत. कालपर्यंत शाळेत शिकवणारा, किराणा विकणारा, कोर्टात अशील शोधत फिरणारा माणूस, त्याला गावातल्याच पोरांनी कप्तान निवडलं. कवायत त्याच्या बापजन्मी कोणी केलेली नाही. तो आदल्या दिवशी पुस्तक वाचतो आणि दुसऱ्या दिवशी तेच दुसऱ्यांना शिकवतो.

"महाराष्ट्रात काय कमी लढाया झाल्या म्हणून तुम्ही सातासमुद्रापलीकडच्या शोधून काढल्यात?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. तुम्ही खिडकीतून बाहेर बघत म्हणालात, "राजांच्या गोष्टी ऐकूनच मोठा झालो गं. पण आपण राजे नाही. आपल्याला किराणा दुकानदाराच्या गोष्टी हव्यात."

मी तेव्हा हसले होते. पुढे मात्र बघत गेले. स्वयंसेवकाला नुसता हुकूम सोडून चालत नाही, त्याला कारण सांगावं लागतं, हे तुम्ही त्या दुकानदारांकडून उचललंत. म्हणून कवायतीत "पाइप डावीकडून घ्या" एवढंच तुम्ही कधी म्हणाला नाहीत. "डावीकडून घ्या, कारण वारा उजवीकडून येतोय." टीममधला वेई मिंग तुमची नक्कल करायचा. कॅन्टीनमध्ये कॉफीचा कप उचलायचा आणि इथल्या बोलीतल्या इंग्रजीत म्हणायचा, "आय ड्रिंक, बिकॉज आय थर्स्टी, लाह." सगळ्यांत मोठ्याने तुम्हीच हसायचात. आणि कवायत संपल्यावर ओले पाइप गुंडाळायला शेवटपर्यंत थांबायचात, कंबर धरून.

तुमचं सगळंच काही मी निमूटपणे ऐकून घेतलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. हॉकर सेंटरमध्ये डोशाच्या रांगेत आपलं केवढं वाजलं होतं. तुम्ही म्हणत होतात, दोन्ही बाजूंचे अधिकारी सारखेच शूर. मी म्हटलं, असं सरसकट बोलू नका, त्यातली एक बाजू माणसांना गुलाम ठेवता यावं म्हणून लढत होती, आणि त्यांच्याही कप्तानाला त्याच्या गावाने मोठ्या प्रेमानेच निवडलं असेल. डोसा आला, गार झाला. मग म्हणालात, "खरंय तुझं. निवडून आला म्हणजे बरोबर असतो असं नाही. शूर होता म्हणजेही नाही." आणि पुढच्या कवायतीला तुम्ही ते सगळ्यांसमोर सांगितलंत, माझं नाव घेऊन. चूक कबूल करताना तुमचा आवाज कधी बारीक व्हायचा नाही. त्याबद्दल मला तुमचा हेवा वाटायचा.

एका बाबतीत मात्र तुम्ही कबुली दिली नाहीत. आणि नेमकी तीच राहून गेली.

पंप शेडमधली गळती. पांढरा ढग जमिनीलगत सरकत होता, भोंगा वाजत होता, आणि सगळे जमले तिथे मोजणी केली तर कंत्राटदाराचा एक माणूस कमी. मुरुगन. तो शेडच्या मागे रंगकाम करत होता. मी बोर्डापाशी उभी होते. आपली पद्धत ठरलेली: मास्क लावून आत जाणाऱ्याने आपल्या नावाचा बिल्ला बोर्डवाल्याच्या हातात द्यायचा. बिल्ला बोर्डावर लागला की हा माणूस आत आहे, त्याच्या सिलिंडरमध्ये किती हवा आहे, त्याला कधी बाहेर बोलवायचं, हे सगळं बोर्ड सांगतो. प्रमुखाने आत जायचं नाही. प्रमुखाने बाहेर राहून सगळीकडे बघायचं. हे नियम तुम्हीच आमच्याकडून घोकून घेतले होते.

हाफिझ तयार होता. त्याने बिल्ला दिला. त्याच्या जोडीला वेई मिंग जायचा होता. तो ढगाकडे बघत राहिला आणि मग आपल्या बुटांकडे. त्याच्या घरी महिन्याभराचं बाळ होतं. त्याने आपणहून नाव दिलं होतं, त्याला कोणी ढकलू शकत नव्हतं, आणि त्या घटकेला त्याचे पाय उचलत नव्हते. मला दिसलं, तुम्हालाही दिसलं. तुम्ही त्याच्या हातातला मास्क घेतलात, तोंडावर ओढलात, आणि हाफिझबरोबर आत निघून गेलात. बिल्ला न देता.

बोर्डावर हाफिझ एकटाच आत होता, दादा. मी मार्करने कडेला तुमचं नाव लिहिलं. माझं अक्षर वेडंवाकडं आलं. तुमच्या सिलिंडरमध्ये किती हवा ते मला माहीत नव्हतं. वॉकीटॉकीवर कंट्रोल रूम विचारत होती, प्रमुख कुठे आहेत, प्रमुखांना द्या. वारा फिरायला लागला होता. तुम्ही आत, म्हणून माणसं मागे हटवायची कोणी, पाण्याचा फवारा कुठे धरायचा, दुसरी जोडी कधी तयार ठेवायची, सगळं माझ्या गळ्यात. मी केलं. काय काय केलं ते मला आज नीट सांगताही येणार नाही.

तुम्ही मुरुगनला खांद्याला धरून बाहेर आणलंत. तो खोकत होता, पण चालत होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. तुमचा मास्क निघायच्या आत मी तोंड सोडलं, तेही मराठीत, सगळ्या प्लांटसमोर. "तुमचा बिल्ला कुठे आहे? आत पडला असतात तर बोर्डाने कोणाला शोधायचं होतं?" तुम्ही खिशातून बिल्ला काढून दाखवलात आणि हसलात.

त्या दिवसापासून बसमध्ये हाच वाद. तुम्ही म्हणायचात, त्या पलटणींत अधिकारी पुढे चालायचा, कारण मागून हुकूम सोडला असता तर शेजारच्या गल्लीतला पोरगा कशाला पुढे गेला असता? मी म्हणायचे, म्हणूनच ते अधिकारी पटापट मेले आणि मागची पोरं वाऱ्यावर सुटली. तुम्ही म्हणायचात, चांगला अधिकारी मागचा माणूस तयार केल्याशिवाय पुढे जात नाही. मी म्हणायचे, बिल्ला. तुम्ही म्हणायचात, "अगं, तू मला जाताना पाहिलंस ना?" मी म्हणायचे, मी पाहिलं, बोर्डाने नाही. आणि मग चेकपॉइंट यायचा, पास काढायचे, वाद उद्यावर.

वाद सुरू करताना दरवेळी तुम्ही एक प्रश्न टाकायचात. "मी नसलो तर बोर्डापाशी कोण?" मला तो प्रश्न मुळीच आवडायचा नाही. "सकाळी सकाळी असं अभद्र बोलू नका हो दादा," म्हणून मी तो उडवून लावायचे.

आता सगळे म्हणतायत, कल्याणी, तू उभी राहा. हाफिझ म्हणतो, टीममधला सेल्वमही म्हणतो. वेई मिंग काही म्हणत नाही, त्या दिवसापासून तो कवायतीत सगळ्यांच्या आधी येतो आणि कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. मला भीती कशाची वाटते, सांगू? मी आत जाणारी प्रमुख नाही. मी बाहेर उभी राहणार. आणि बाहेर उभ्या राहिलेल्या बाईच्या शब्दावर ही माणसं त्या ढगात पाऊल टाकतील का, हे मला माहीत नाही. तुमच्या शब्दावर टाकायची, कारण तुम्ही एकदा त्यांच्या पुढे चालून गेलात. नाही टाकलं तर आतला कोणी मुरुगन आतच राहील. मी नाव दिलंय, पण ते मागे घ्यावं, असं आत्ता या क्षणी मला वाटतंय. चेकपॉइंट आला. पास काढते.

*

दादा, आता घरी आहे. मतदान झालं नाही. म्हणजे हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या पडल्या नाहीत.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही चिठ्ठ्या फाडत होतो तेवढ्यात भोंगा झाला. कवायतीचा असेल असं मला क्षणभर वाटलं. मग कंट्रोल रूममधल्या माणसाचा आवाज ऐकला आणि कळलं, हा खरा आहे. लोडिंगच्या बाजूला पाइपचा जोड सुटला होता. गळती बंद करायची तर आत जाऊन हाताने व्हॉल्व्ह फिरवायचा होता, दुरून बंद होत नव्हता. माणसं सगळी बाहेर होती, मोजणी पूर्ण होती, तेवढं एक बरं. पण ढग पसरत होता, आणि ज्या दिशेला पसरत होता तिथे गरम पाइप होते. ठिणगी पडायचा अवकाश होता.

कोणी काही न विचारता मी बोर्ड उचलला. सवय झाली होती, दुसरं काय. हाफिझने बिल्ला दिला. त्याच्या जोडीला कोण, हे मी विचारायच्या आत वेई मिंग मास्क चढवून माझ्या बाजूने पुढे निघाला होता, धावतच. त्या दिवशी न उचललेलं पाऊल त्याला आज भरून काढायचं होतं. मी त्याच्या पाठीवरचा पट्टा पकडला.

"टॅग," मी म्हटलं. म्हणजे बिल्ला.

"नो टाइम लाह, कल्याणी."

"टॅग फर्स्ट."

त्याने पट्टा सोडवायला हिसका दिला. त्याच्याकडे ताकद माझ्यापेक्षा जास्त आहे, सुटला असता. आणि दादा, त्या हिसक्यात मी जवळजवळ हुकूम सोडणार होते, वरिष्ठ म्हणून, आवाज चढवून. तोंडातून निघालं ते तुमचं. "तू आत आहेस हे बोर्डाला माहीत नसेल, तर तुला आणायला मी कोणाला पाठवू?" कारण सांगितलं मी. तो थांबला. खिसा चाचपला, बिल्ला काढला, माझ्या तळहातावर ठेवला. मास्कच्या काचेतून त्याने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मग गेला.

आणि मग मी उभी राहिले.

ते सांगण्यासाठीच खरं तर फोन हातात घेतलाय. दोन बिल्ले बोर्डावर, पाण्याचा फवारा वाऱ्याच्या बाजूने, सेल्वम आणि त्याचा जोडीदार मास्क हातात घेऊन तयार. वॉकीटॉकीवर हाफिझचा आवाज आला, व्हॉल्व्ह सापडला. मग काही नाही. मी हाक मारली, काही नाही. पुन्हा मारली. सेल्वम माझ्याकडे बघत होता. माझे पाय माझं ऐकत नव्हते, दादा. त्यांना आत जायचं होतं. मास्क ओढायचा, ढगात शिरायचं, काहीतरी हाताने करायचं, बस. बोर्ड खाली टाकायची एवढी अनावर इच्छा झाली की मी तो दोन्ही हातांनी छातीशी धरला. हवा किती उरली ते बघायचं, वाऱ्याकडे बघायचं, दुसरी जोडी आत्ताच पाठवायची की अजून थांबायचं ते ठरवायचं, आणि यातलं काहीही चुकलं तर हाफिझच्या बायकोला मी तोंड दाखवायचं. मी सेल्वमला मास्क लावायला सांगितलं, कारणासकट. त्याने बिल्ला माझ्या हातात ठेवला.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. व्हॉल्व्ह बंद झाला होता. घट्ट बसला होता म्हणून दोघांनी दोन्ही हातांनी फिरवला, बोलायला हात मोकळा नव्हता. ढग विरायला लागला आणि त्यातून ते दोघं चालत आले, हाफिझ पुढे, वेई मिंग मागे. मी त्यांचे बिल्ले काढून त्यांच्या हातात दिले, आणि सेल्वमचा सेल्वमला.

पुढे जाणं सोपं आहे, दादा. हे मला आज कळलं आणि ते सांगायला तुम्ही नाही. बाहेर उभं राहणं अवघड आहे. त्या दिवशी तुम्ही त्यातलं सोपं काम उचललंत आणि अवघड माझ्या अंगावर टाकून गेलात. एवढ्या महिन्यांचा वाद मी आज जिंकले. समोर कोणी नाही, त्यामुळे मजा आली नाही.

येताना वहिनींकडे गेले. त्यांना सांगितलं सगळं, हेच वाक्यही सांगितलं, जरा तावातावानेच. त्या चहा गाळत होत्या. म्हणाल्या, "ते ठाऊक होतं त्यांना." मी विचारलं, कसं काय? "त्या मुरुगनच्या दिवशी घरी आले ना, तेव्हा बूटही न काढता दारातच सांगायला लागले. म्हणाले, आज कल्याणीने मला चांगलं झापलं. खुशीत होते. म्हणाले, अगं, बिल्ला द्यायचा खरंच विसरलो, तिच्यापुढे कबूल करायची लाज वाटते. पण ती बोर्डापाशी होती म्हणून मी जाऊ शकलो. दुसरं कोणी असतं तर मला हलता आलं नसतं."

असं होतं तर. मला वाटत होतं, तुम्ही आम्हाला टाकून गेलात. तुम्ही तर मला तिथे उभं करून गेला होतात. हे बसमध्ये एकदा तरी बोलला असतात तर काय बिघडलं असतं? एवढं दुकानदारांचं पुराण ऐकवलंत, त्यात हे एक वाक्य बसलं नाही? वहिनींसमोर मी रडले. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. बिल्ल्याचं मी अजूनही माफ केलेलं नाही, तेवढं लक्षात असू द्या.

मतदानाचं सांगायचं राहिलं. सगळं निस्तरल्यावर मी हेल्मेट पुन्हा टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, चला, चिठ्ठ्या. कोणी उठेना. हाफिझ पाण्याची बाटली तोंडाला लावून बसला होता. म्हणाला, "व्हॉट व्होट? टॅग गिव्ह यू ऑलरेडी." बिल्ले माझ्या हातात दिले, तेच मत.

सेल्वमने चिठ्ठ्यांचे तुकडे गोळा करून कचऱ्यात टाकले.

परतीच्या बसमध्ये मी वेई मिंगला तुमच्या जागेवर बसायला सांगितलं. तो बिचकला, हाफिझकडे बघितलं, हाफिझने मान हलवली, मग बसला. बाहेर चेकपॉइंट मागे पडला. मी त्याला विचारलं, "मी नसले तर बोर्डापाशी कोण?"

तो दचकला. अभद्र टळावं म्हणून इथे म्हणतात तसं म्हणाला, "चॉय. डोन्ट से लाइक दॅट, लाह."

मी म्हटलं, "उद्या पुन्हा विचारेन."